आधी तिथी बघा, मग हॉटेल: कोकणातल्या बेटांवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोकणात सुट्टीला जायचं ठरलं की लोक आधी हॉटेल बघतात, मग गाडी, मग मासे कुठे चांगले मिळतात ते. भरती-ओहोटीची चौकशी होते ती थेट जेट्टीवर, तीही समोरचा माणूस "आता नाय जमणार, पाणी बघा ना" म्हणाला की. हा क्रम उलटा केला तर बेटाची निम्मी सहल घरबसल्याच सोपी होते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा पाण्याच्या वेळेला दिली आहे. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या किनाऱ्यावरची बहुतेक बेटं म्हणजे जलदुर्ग आहेत. खडकाच्या कडेपर्यंत तटबंदी, आत पडके वाडे, तळं, देऊळ, झाडोरा. माडाखाली खाट टाकून लोळायचं बेट डोक्यात असेल तर ते काढून टाका. मुक्काम किनाऱ्यावरच्या गावात करायचा, समुद्रात डुंबायचं तेही किनाऱ्यावर, आणि बेटासाठी अर्धा दिवस राखून ठेवायचा.

पहिली पायरी: एकच बेट निवडा

तीन दिवसांत चार किल्ले हा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी बोट, पाणी आणि गर्दी यांचं वेळापत्रक वेगळं असतं आणि मधला रस्ता घाटवळणांचा. पहिल्या खेपेला एक बेट पुरे.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मालवणचा सिंधुदुर्ग घ्या. जेट्टी आहे, बोटींची नियमित ये-जा आहे, आत कोकम सरबत आणि पाणी मिळतं, आणि किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यामुळे ओसाड वाटत नाही. रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ किंवा कणकवली सोयीचं.

मुंबई-पुण्याहून दोन दिवसांत परतायचं असेल तर अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला इथे चालत जाता येतं, आणि नवख्यांना भरती-ओहोटी म्हणजे काय हे पायांनी कळतं.

मुरूडचा जंजिरा नावाजलेला आहे, गर्दीही तशीच. राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात, तो प्रवासच मला किल्ल्याइतका आवडतो. मात्र होडीतून किल्ल्यावर उतरताना थोडी कसरत होते. गुडघे दुखणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा.

हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि थळसमोरची खांदेरी ही दुसऱ्या-तिसऱ्या सहलीची ठिकाणं. तिथे सहसा अख्खी बोट ठरवावी लागते. सुवर्णदुर्गावर खाण्यापिण्याची कसली सोय नाही, किल्ल्याला धक्का नाही, बोट दरवाजासमोरच्या वाळूच्या पुळणीजवळ थांबते आणि पाण्यात उतरून चालायचं असतं. खांदेरीला जाण्यापूर्वी परवानगी लागते का, हे थळलाच विचारून घ्या, कारण बेटावर दीपगृह आहे आणि नियम बदलत असतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन समुद्रातले. तेव्हापासून या तिन्ही नावांची विचारणा वाढली आहे, पण यादीत नाव आलं म्हणून सुवर्णदुर्गाला धक्का फुटलेला नाही, हे लक्षात असू द्या.

मुरूडसमोरचा पद्मदुर्ग आत्ता सोडून द्या. बोटी फार कमी जातात, आणि जातात त्याही समुद्र शांत असेल तरच.

दुसरी पायरी: तिथीवरून पाण्याची वेळ काढा

हे गणित किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याला तोंडपाठ असतं. दिनदर्शिकेत त्या दिवशीची तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असं मोजायचं. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि त्यानंतर तितक्याच वेळाने पुन्हा भरती. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, आणि पाऊणपट करायची ती त्यामुळेच.

हा अंदाज आहे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, आणि दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याला भरती मुंबईच्या मानाने थोडी आधीच येते. म्हणून जायचा दिवस ठरला की फोनवर त्या गावाचा भरती-ओहोटीचा तक्ता काढून वेळ पक्की करा. मग पाऊणपट शिकायचीच कशाला? कारण सुट्टी दोन महिने आधी ठरते, आणि कुठला शनिवार-रविवार बरा हे दिनदर्शिका चाळून मिनिटात कळतं.

आता वेळेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट, पाणी किती उतरतं ती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती जास्त चढते, ओहोटीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी ना फार चढत ना फार उतरत. अलिबाग-मुंबईकडे उधाणाला पाण्याच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, मालवणकडे दोन मीटरच्या आसपास. म्हणून अलिबागला किल्ल्यावर चालत जाता येईल की नाही ते तिथीवर ठरतं, तर मालवणला बोटीच्या प्रवाशाला फरक पडतो तो बहुतेक चढण्या-उतरण्याच्या सोयीपुरता.

मग चालत जायला सगळ्यात मोठी ओहोटी हवी, म्हणून पौर्णिमेलाच जावं का? इथे नवखे हमखास फसतात. पौर्णिमेला भरती सव्वाअकरा-बाराला, म्हणजे ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी तशीच. एक वेळ अंधाराची आणि दुसरीही अंधाराकडे झुकणारी. सोयीच्या तिथी म्हणजे द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी. पाणी अजून बऱ्यापैकी उतरतं आणि ओहोटी पडते सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान. ऊन चढायच्या आत जाऊन या, दुपारी जेवायला परत. कुलाबा किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं. संकष्टी ही कृष्ण चतुर्थीच, म्हणजे संकष्टीला सकाळी नऊच्या सुमारास समुद्र आपणहून वाट मोकळी करून देतो. गर्दी असते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला गर्दी बरीच. चालणारे कुठून जातात आणि कधी परततात ते बघून शिकता येतं.

तक्त्यात ओहोटीची उंचीही मीटरमध्ये दिलेली असते. कुलाब्याला चालत जायचं तर मी एक मीटरच्या आतली ओहोटी बघतो. दीड-दोन मीटर लिहिलं असेल तर बोटीची चौकशी करायची, मांडीएवढ्या पाण्यातून पोरांना खांद्यावर घेऊन जायचा उत्साह दाखवायचा नाही.

कुलाब्याची चाल, घड्याळ लावून

समजा शनिवारी तृतीया आहे आणि तक्त्यात ओहोटी साडेआठची. किनाऱ्यावर सव्वासातला पोचा. पाणी उतरत असतानाच निघायचं, पूर्ण ओहोटीची वाट बघत चहा पीत बसायचं नाही. पाणी घोट्याच्या खाली आलं आणि घोडागाड्या सुरू झाल्या की निघायला हरकत नाही. पंधरा-वीस मिनिटांची चाल. सुरुवातीला ओली घट्ट वाळू, पुढे खडक, आणि खडकावर शेवाळ. शेवाळ हिरवंगार दिसतं तिथे पाय ठेवूच नका, खरखरीत, करड्या, शंख-शिंपले चिकटलेल्या दगडावर ठेवा. अनवाणी अजिबात नको. खडकावर चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

किल्ल्याच्या तटाजवळ दोन मिनिटं थांबून दगड बघा. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, मधल्या फटींत चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावर चढून फोटो काढायची रांग लागलेली असते. त्या रांगेत तुम्ही उभे राहू नका, बाकी तुमची मर्जी.

आता परतीचं. हा परिच्छेद घाईत वाचू नका. साडेआठला पाणी पूर्ण उतरलं की पहिल्या तासात ते फारसं चढत नाही. चढतं ते एकूण फरकाच्या बाराव्या हिश्श्याइतकं. दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तिप्पट. चार मीटरच्या भरतीत तिसऱ्या तासाला एक मीटर पाणी चढतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत. साडेनऊला किनाऱ्याकडे बघून "अजून कोरडंच आहे की" म्हणणारा माणूस साडेअकराला अडकतो तो यामुळे. शिवाय पाणी समोरून लाट होऊन येत नाही. वाटेतल्या खोलगट भागात आधी बाजूने भरतं, तुम्ही उभे असता तो खडक कोरडाच राहतो आणि मागची वाट बंद होते. म्हणून नियम सोपा ठेवा: ओहोटीच्या वेळेनंतर एक तासाच्या आत किल्ल्याचा दरवाजा सोडायचा. तृतीयेच्या हिशेबात साडेनऊ. फोनवर गजर लावा, आणि घरातल्या सगळ्यात शिस्तीच्या माणसाकडे ती जबाबदारी द्या.

आणि अडकलातच तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यातच थांबा, बोट मागवा किंवा पुढच्या ओहोटीची वाट बघा. तट शतकानुशतकं उभा आहे, अजून सहा तास उभा राहील.

मुंबईकरांना याची रंगीत तालीम हाजी अलीला करता येते. दर्ग्याची वाटही भरतीला पाण्याखाली जाते. एकदा तक्ता बघून तिथे पाणी चढताना उभं राहा, म्हणजे आकडे डोळ्यांना दिसतील.

तिसरी पायरी: ऋतू आणि वारा

पावसाळ्यात बेट नाही. मेच्या अखेरीस प्रवासी बोटी बंद होतात आणि सप्टेंबरमध्ये, काही ठिकाणी त्याहून उशिरा, सुरू होतात. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र मोकळा, असं समजून ऑगस्टच्या सुट्टीत कोणी मालवण गाठू नये. मच्छीमार जातील, तुम्हाला कोणी नेणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये वारा वाढतो, पाणी उसळतं आणि तटावर चालताना डोकं तापतं. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा मालवण-तारकर्लीला टाळलेलाच बरा. जेट्टीवरची रांग आणि हॉटेलचे दर दोन्ही आवाक्याबाहेर जातात.

दिवसातली वेळ सकाळची. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पाणी आरशासारखं नसलं तरी सपाट असतं. ऊन तापलं की खारा वारा सुटतो, दुपारी दोननंतर लाटांवर पांढरे तुरे दिसू लागतात. सकाळच्या बोटीत हसत गेलेली माणसं दुपारच्या बोटीत गप्प का बसतात, त्याचं उत्तर इथे आहे.

आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही किनाऱ्याच्या जिल्ह्यानुसार. आकाश निरभ्र असतानाही दूरवरच्या वादळाच्या लाटा किनाऱ्याला येतात, तेव्हा खिडकीतून बघून ठरवू नका. इशारा असेल तर बोट सुरू असली तरी जाऊ नका.

चौथी पायरी: पिशवीत काय

माणशी दीड लिटर पाणी. टोपी, आणि तिला हनुवटीखाली बांधायची दोरी, कारण तटावरचा वारा टोप्या गोळा करतो. मागे पट्टा असलेल्या रबरी सॅन्डल. चप्पल वाळूत रुतून निघते, बूट भिजले की दिवसभर वाळत नाहीत. फोन आणि पाकिटासाठी पाणी न शिरणारी पिशवी. थोडी सुटी रोख, कारण बेटाजवळ फोनची रेंज जाते आणि तेव्हा स्कॅन करून पैसे देता येत नाहीत. मुलांसाठी एक कोरडा कपड्यांचा जोड, गाडीत नव्हे, हातात.

बोट लागणाऱ्यांनी उपाशी जाऊ नये आणि आंबोळ्या-उसळीवर ताव मारूनही जाऊ नये. हलकं खाऊन निघा, आलेपाक चघळा, गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून बोटीच्या अर्धा तास आधी. बोटीत मधोमध, थोडं मागच्या बाजूला बसा आणि फोनऐवजी लांबच्या किनाऱ्याकडे बघा.

आणि स्वच्छतागृह. याबद्दल प्रवासवर्णनात कोणी लिहीत नाही. बेटावर भरवसा ठेवू नका, निघण्यापूर्वी गावातच जाऊन या. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना हे आधी सांगून ठेवलंत तर अर्ध्या सहलीची चिडचिड वाचते.

पाचवी पायरी: धक्क्यावर तीन प्रश्न

मालवणला तिकीटखिडकी आहे, तिथे घासाघीस नसते. पण अख्खी बोट ठरवायची असेल तिथे पैसे देण्यापूर्वी विचारा: भाडं माणशी की बोटीचं? जाऊन-येऊन की एका बाजूचं? वर किती वेळ थांबणार? तिसरा प्रश्न सगळे विसरतात. सिंधुदुर्गाला आणि जंजिऱ्याला साधारण तासाभराचा वेळ मिळतो, आणि तेवढ्यात सगळा किल्ला होत नाही. जास्त वेळ हवा असेल तर तो आधी ठरवून घ्या. वर गेल्यावर तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्याशी, हुज्जत घालून उपयोग नाही, त्याला पाणी आणि पुढची फेरी दोन्ही सांभाळायची असतात.

परतताना कुठल्या बोटीने यायचं तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ज्या बोटीने गेलात तिनेच परतायचं असतं. बोटीचं नाव आणि नंबर यांचा एक फोटो काढून ठेवा, परतीच्या गर्दीत सगळ्या बोटी सारख्याच दिसतात.

लाईफ जॅकेटबद्दल ओशाळू नका. "जवळच तर आहे" हे कोणीतरी म्हणणारच. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. तो प्रवास मुंबई बंदरातला, रोजचा आणि शांत पाण्यातला होता. जॅकेट अंगावर हवं, पुढचे बंद लावलेले हवेत, मुलाला त्याच्या मापाचं हवं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. मापाचं मिळालं नाही तर पुढच्या बोटीने जा. बोटीत माणसं जास्त भरली आहेत असं वाटलं तर उतरा, तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील.

सहावी पायरी: चढणं आणि उतरणं

दुखापती होतात त्या बहुतेक भर समुद्रात नाही, धक्क्याशी होतात. बोट पायरीपाशी वर-खाली होत असते. घाई न करता एक-दोन लाटा बघा. बोट वर येऊन क्षणभर थबकते, तेव्हाच पाऊल टाकायचं. खाली जाताना टाकलंत तर पायरी आहे तिथे सापडत नाही. दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी पाठीवर, फोन खिशात. खलाशाच्या बोटांना धरू नका, त्याचं मनगट तुम्ही धरा आणि तुमचं त्याला धरू द्या, म्हणजे ओला हात निसटत नाही. बोट आणि धक्का यांच्या मधल्या फटीत हात-पाय कधीही घालू नका, बोट ढकलून धरायच्या मोहातही नाही. एका वेळी एकच माणूस. सगळे एका बाजूला उभे राहिले की बोट कलंडते, म्हणून आपला नंबर येईपर्यंत बसून राहायचं.

जंजिऱ्याला हे विशेष लक्षात ठेवा. सुवर्णदुर्गाला पाण्यात उतरायचं असल्याने गुडघ्यापर्यंत भिजण्याची तयारी ठेवा आणि वाळूत पाय उचलून न टाकता घसटत चाला. उथळ वाळूत पाकट हा चपटा मासा बसलेला असतो, पाय घसटला की तो निघून जातो, पाय त्याच्यावर पडला तर शेपटीचा काटा मारतो.

बेटावर गेल्यावर

सिंधुदुर्गाची एक तासाची वाट अशी घ्या. प्रवेशद्वार लांबून दिसतच नाही, दोन बुरुजांच्या मधल्या वळणात लपलेलं आहे. बोट अगदी जवळ जाईपर्यंत आत कुठून शिरणार ते कळत नाही, ते कळायचा क्षण चुकवू नका. आत शिरल्यावर चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, मग श्री शिवराजेश्वराचं मंदिर, जे राजाराम महाराजांनी बांधलं. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे या विहिरींना गोडं पाणी. उरलेला वेळ तटावर. नोव्हेंबर १६६४ मध्ये कुरटे बेटावर हे बांधकाम सुरू झालं आणि तीनेक वर्षांत उभं राहिलं. तटावरून खाली बघितलंत तर बेटाभोवती पाण्यात बुडालेले खडक दिसतील. बोट जेट्टीवरून सरळ न येता वळसे का घेत होती ते तेव्हा समजेल. या पाण्यात वाट फक्त इथल्या माणसांना ठाऊक आहे, म्हणून स्वतःची कयाक घेऊन परस्पर निघायचा विचारही करू नका.

भोवतालचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतो. स्नॉर्कलिंग करताना प्रवाळावर उभं राहू नका, आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडाही घरी आणू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. किल्ल्यात जे आहेत ते लोकांचे राहते वाडे आहेत, अंगणात डोकावून फोटो काढण्यापूर्वी विचारा. कचरा परत न्या. बेटावरून तो उचलायलाही बोटच लागते.

देवबागची वाळू आणि पोहणं

मालवणला गेलात की देवबागला जाल, आणि देवबागला कर्ली नदीच्या मुखापाशी वाळूचं एक बेट दाखवतील, त्सुनामी आयलंड म्हणून. भरतीला त्याचा मोठा भाग पाण्याखाली जातो, ओहोटीला बाजार भरतो: वॉटर स्पोर्ट्स, भजी, आरडाओरडा. शांतता शोधायला जाऊ नका, मुलांना मात्र खूप आवडतं. एकच ताकीद. नदीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाणी समुद्राकडे ओढतं, आणि वरून ते अगदी संथ दिसतं. कमरेच्या पुढे जाऊ नका, पोहता येत असलं तरी.

उघड्या किनाऱ्यावर पोहताना लाटांच्या रांगेत मधेच एखादा पट्टा लाटा न फुटणारा, गढूळ, शांत दिसला तर तिथेच ओढ असते. नवखे नेमके तिकडे जातात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग लाटांबरोबर आत या. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, एरवी ११२. दोन्ही आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.

बोट रद्द झाली तर

होतेच. वारा वाढला की बंदर खातं बोटी थांबवतं आणि हॉटेलवाला पैसे परत देत नाही. अशा दिवसासाठी दुसरा बेत हवा. मालवणला असाल तर गाडी काढून विजयदुर्ग गाठा, तोही युनेस्कोच्या यादीतला आणि त्याला बोट लागत नाही. हर्णैला कनकदुर्ग आणि गोवागड किनाऱ्यावरच आहेत, तिथून समोर सुवर्णदुर्ग पूर्ण दिसतो. आणि बंदरावर वाळूतच माशांचा लिलाव असतो, वारा असला तरी बोटी आल्या तर भरतो. सुरमईचा भाव ऐकून मग जेवायला बसलात तर ताटाचा भाव योग्य आहे की नाही तेही कळेल. अलिबागला हिराकोट पाच-दहा मिनिटांत बाहेरून बघून होतो, मग किनाऱ्यावर बसा आणि पुढच्या महिन्यातली द्वितीया-तृतीया कुठल्या वारी येते ते दिनदर्शिकेत बघून सुट्टीचा अर्ज लिहून टाका.